समुद्री बदक आणि सासुरवाडीचं भरीत

मेसेज मी चुकीच्या ग्रुपवर टाकला. एवढं तर कुणाच्याही हातून होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली असती. पण त्यानंतर जे केलं ते कुणाच्याही हातून होत नाही. चूक लक्षात येताच मी घाईघाईने तो मेसेज पुसायला गेलो आणि पुसताना ‘सगळ्यांसाठी’च्या ऐवजी ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं. म्हणजे आता तो मेसेज जगात फक्त मला एकट्याला दिसत नव्हता. बायकोच्या माहेरच्या साठ माणसांना तो व्यवस्थित दिसत होता.

मजकूर असा: ‘उद्या सकाळी सातपर्यंत तलावावर या. समुद्री बदक आलं आहे. असा योग पुन्हा नाही. जरूर या.’

हे आमंत्रण होतं आमच्या धुळ्याच्या पाच जणांच्या पक्षीनिरीक्षक ग्रुपसाठी. त्या पाचांतले तिघे हिवाळ्यात सकाळी पांघरुणाबाहेर येत नाहीत, चौथा मी आणि पाचवे सर. खरं तर सगळा खटाटोप सरांसाठीच होता.

सरांबद्दल सांगितलं पाहिजे. ते देवपूरला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला, तो मी विसरलो; पण रविवारी पांझरेच्या काठी नेऊन पक्षी दाखवले, ते अंगात मुरलं. चाळीस हिवाळे त्यांनी खान्देशातल्या पाणपक्ष्यांच्या नोंदी वह्यांमध्ये ठेवल्या आहेत. त्यांत सगळं आहे, फक्त समुद्री बदक नाही. ते असणारच कसं? ही बदकं थंडीत समुद्राच्या किनाऱ्याशी उतरतात, तीही मोजकी, आणि आपल्याकडचा समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला. सर एकदा खास त्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन तीन दिवस राहिले होते. तिन्ही दिवस धुकं. चौथ्या दिवशी गाडीत बसले तेव्हा ऊन पडलं. आता गुडघे गेलेले, आणि मुलगा त्यांना कायमचं बंगळूरला घेऊन चालला होता. सोमवारचं तिकीट होतं. मी बदक पाहिलं तो शनिवार होता.

बायको आठ दिवस माहेरी होती, तिला आणायला मी यावलजवळच्या तिच्या गावी गेलो होतो. सासुरवाडीला गेलं की मी संध्याकाळी गावाबाहेरच्या पाझर तलावावर चक्कर मारतो, कारण घरात बसलो की सासूबाई दर अर्ध्या तासाने काहीतरी खायला आणून ठेवतात. त्या दिवशी तलावाच्या मधोमध एक बदक होतं. आमच्याकडची बदकं पाण्यावर बसतात तसं ते बसलेलं नव्हतं. जड, रुंद, पाण्यात अर्धं रुतल्यासारखं. डोळ्यापुढे एक आणि कानामागे एक असे दोन फिकट डाग. एकदा पंख झाडले तेव्हा पंखावर पांढरा चौकोन दिसला. पुस्तकात या जातीच्या नावात मखमल आहे. ती मखमल नराची, काळीभोर. ही मादी होती, म्हणजे गोणपाट. पण होती समुद्राची, आणि माझ्यासमोर होती.

फोटो काढले. ती दर मिनिटाला बुडी मारायची आणि मी दर मिनिटाला बटण दाबायचो. दोघांची वेळ इतकी जुळली की माझ्याकडे पाण्यावरच्या वर्तुळांचे सतरा फोटो आहेत. अंधार पडायला लागला. सरांना फोन केला. पाहिलं ते एका दमात सांगितलं. मग म्हणाले, “दोन डाग?”

“दोन.”

“पंखावर पांढरं?”

“पांढरं.”

“मी पहाटेच गाडी करून निघतो. तू फक्त तिला उडू देऊ नकोस.”

जणू ती माझ्या खुंट्याला बांधलेली होती. पण मी ‘हो सर’ म्हणालो. सरांना मी आजपर्यंत नाही म्हटलेलं नाही. मग उरलेल्या तिघांनाही कळवावं म्हणून तो मेसेज टाकला, आणि पहिलं उत्तर आलं तेव्हा मी ग्रुपचं नाव नीट पाहिलं. उत्तर होतं, ‘वांगे कोन आनतं?’

यावलच्या बाजूला थंडीत लोक शेतात एकत्र जमतात ते एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे भरीत. इथे दोन माणसं सहज जरी बांधावर उभी राहिली तरी तिसरा वांगी घेऊन येतो. वाढदिवस असो, बदली असो, नवा ट्रॅक्टर असो, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडगी नावाच्या लाकडी परातीत मुसळीने ठेचायची. त्यामुळे माझा मेसेज कुणीही चुकीचा वाचला नव्हता. बदक आलंय, जावयाने बोलावलंय, सकाळी सातला. सगळ्यांना नीट कळलं होतं. भरताचं मी लिहायला विसरलो एवढाच त्यांचा समज.

मी धावत घरी येऊन सासऱ्यांना गाठलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. ते ओट्यावर बसून फोनवर माझाच मेसेज कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत होते.

“आबा, चुकून गेलाय तो मेसेज. सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगा.”

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. “पाव्हणे, लगनाले किती वर्सं झाले?”

“चोवीस.”

“चोईस वर्सात तुम्ही पहिल्यांदा लोकायले बोलावलं. आता येऊ नका म्हनून कोन सांगीन? मी त न्हाई सांगनार.”

खरंच, चोवीस वर्षं मी इथे नुसता जेवून गेलो होतो. सासूबाई आतून म्हणाल्या, “जवाईबापूनं बोलावलं अन् जायचं न्हाई, आसं व्हतं का?” आणि मेहुण्याने तेवढ्यात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायला घेतली होती. बायको मिरच्या निवडत होती. मी तिच्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं. ती म्हणाली, “लसूण किती लागेल, साठांना?”

शेवटी मी अटी घातल्या. भडक कपडे नकोत. तलावापासून लांब बसायचं. बोलायचं हळू. फोन सगळ्यांनी सायलेंटवर ठेवायचे. आणि सर येऊन बदक पाहेपर्यंत कुणीही काहीही पेटवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथल्या तिथे माझा फोन सायलेंट करून दाखवला. तो करणारा मी एकटाच होतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सहालाच तलावावर गेलो. ती होती. मधोमध, बुड्या मारत. मी बाभळीखाली बसून राहिलो आणि अर्धा तास फार सुखाचा गेला. पावणेसातला ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत सतरंज्या, पातेली, वांग्यांचे दोन कॅरेट, काड्यांचा भारा आणि वीसेक माणसं. मागून मोटारसायकली. पाठोपाठ आणखी एक ट्रॉली. आत्यासासूबाई कुंकवाच्या रंगाच्या स्वेटरमध्ये. मी हात जोडत पुढे गेलो, तर लोकांना वाटलं मी यजमान म्हणून स्वागत करतोय. प्रत्येकाने थांबून उलट नमस्कार केला आणि तब्येत विचारली, ती काही हळू आवाजात विचारली नाही.

“कुठी ये बदक?” मेहुण्याने विचारलं.

मी दुर्बीण दिली. त्याने पाहिलं, फिरवून पाहिलं, मला परत दिली. “हेच का?”

“हेच.”

“आसं काय हे जिजाजी, मातीत लोयलेलं?”

सासूबाईंनी पाहिलं आणि दुर्बीण पदराने पुसून पुढच्याच्या हातात दिली. मग रांगच लागली. दुर्बीण हातोहात फिरली. जो तो पाहून माझ्याकडे अशा नजरेने बघे, जणू जावयाने बस्त्याला बोलावून टॉवेल दाखवला. एकाने धीर देत म्हटलं, “आसू द्या, वांगे चांगले मियाले.”

साडेसातला सरांचा फोन आला असणार. मला कळलं नाही. सर चोपड्याच्या पुढे आले होते, वाट विचारत होते. ती त्यांना पानटपरीवरच्या माणसाने सांगितली, कारण तोही मेसेज वाचलेला चुलत मेहुणा होता.

आणि मी इकडे काड्यांच्या भाऱ्यावर पहारा देत होतो. दोनदा मी आगपेटी काढून घेतली. तिसऱ्यांदा आबांनी स्वतः समजावलं, “पाव्हणे, सर धुय्याहून उपाशी येऊ राह्यले. आल्या आल्या पान वाढता आलं पाह्यजे का न्हाई? वांगे भाजाले येळ लागतो.” त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, हाच तर या माणसांचा त्रास आहे. मी म्हटलं, फक्त भाजा, ठेचू नका. वारा नेमका तलावाकडे. धूर पाण्यावर पसरला. बदक जरा लांब सरकलं, पण उडालं नाही.

गाडी आली. सर पुढच्या सीटवर. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीतून पाठमोरं उतरावं लागतं, आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा. मी धावत गेलो. त्यांचा एक पाय जमिनीवर, तोंड गाडीकडे, आणि मी म्हणतोय, “सर, समोरच आहे, फक्त वळा.” आणि पाहुणे आलेले बघून कुणीतरी उत्साहाने बडगीत मुसळी हाणली. एकाने नव्हे, दोघांनी, आळीपाळीने. धाड. धाड. धाड.

ती पाण्यावरून धावत सुटली, लांबच्या लांब, आणि उठली. पांढरा चौकोन लखलखला. मी पाहिला. मुसळीवाल्यांनी पाहिला. आत्यासासूबाईंनी पाहिला आणि “गेलं वं माय!” म्हणाल्या. साठ माणसांनी पाहिला. सर वळेपर्यंत नुसतं पाणी होतं.

“कुठे आहे?” सरांनी विचारलं.

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहितो. मी म्हणालो, “तुम्हा लोकांना एक सकाळ न खाता काढता येत नाही का? एक बदक सुखानं बसू देता येत नाही? या माणसानं चाळीस वर्षं वाट पाहिली!” चोवीस वर्षांत सासुरवाडीत मी आवाज चढवला नव्हता. मुसळी थांबली. एक लहान मूल रडायला लागलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला घरी गेल्यावर ऐकून घ्यायचं होतं.

मेहुणा हळूच म्हणाला, “जिजाजी, आजूबाजूचे शेततळे पाह्यचे का? बरेच ये आपल्याकडे, केळीसाठी केलेले.”

“समुद्राचं बदक ते! प्लास्टिक अंथरलेल्या डबक्यात बसणार आहे? शक्य नाही.” असं तोडून मी दुर्बीण गळ्यात घातली आणि तरातरा निघालो. सरांना म्हटलं, “तुम्ही बसा, मी वरच्या नाल्यापर्यंत बघून येतो.” आबांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

मी नाल्यापर्यंत गेलो. नाल्यापासून जुन्या खाणीतल्या पाण्यापर्यंत गेलो. टाचेत काटा मोडला. दिसला एक ढोकरी बगळा आणि म्हशी. दीड तास फिरताना मी सगळ्यांवर चिडून झालो: सासुरवाडीवर, वांग्यांवर, बंगळूरवर, ज्याने फोनमध्ये ते दोन पर्याय एकाखाली एक ठेवले त्याच्यावर. शेवटी चिडायला मीच उरलो. परत आलो तर बांध रिकामा. ट्रॉल्या नाहीत, मोटारसायकली नाहीत, सरांची गाडी उभी, सर नाहीत. निखाऱ्यांपाशी एकट्या आत्यासासूबाई, उरलेल्या वांग्यांवर लक्ष ठेवून.

“सगळे कुठे गेले?”

“बदक पाह्याले. तुमाले फोन करू करू दमले ना सगये.”

फोन काढला. एकतीस मिस्ड कॉल.

घडलं ते असं. मी गेल्यावर सर भरीत-भाकरी खात बसले, आणि सासूबाईंनी त्यांना विचारलं, “सर, ते नेमकं कसं दिसतं?” सरांनी वही काढून त्यांना चित्र काढून दाखवलं. दोन डाग, जड मान, पंखावरचा चौकोन. मेहुण्याने चित्राचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला: ज्याच्या त्याच्या शेततळ्यात पाहा. साठ माणसांची शेतं चारी बाजूंना पसरलेली. ज्याने त्याने आपापल्या सालदाराला फोन लावला. वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारे हे गडी, त्यांना आपल्या तळ्यात कोण उतरलंय हे माझ्या दुर्बिणीपेक्षा चांगलं कळतं. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं. दीड कोसावर, केळीच्या बागेमागे, मोठ्या शेततळ्यात, ‘बुड्या मारू राह्यलं, चित्रासारखंच ये.’

मग सरांना खुर्चीसकट चौघांनी उचलून ट्रॉलीत ठेवलं. ट्रॅक्टर बागेच्या अलीकडेच बंद केला. तिथून खुर्ची हातांवर. आणि साठ माणसं, जी माझ्यासमोर एक मिनिट गप्प बसली नव्हती, ती केळीच्या पानांआड अर्धा तास बिनआवाज उभी राहिली. मी घातलेली एकूण एक अट पाळून. स्वेटरवाल्या आत्याबाई तर मुद्दाम आल्याच नाहीत.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा लोक परत ट्रॉलीत चढत होते. बदक दहा मिनिटांपूर्वी उडालं होतं, आपणहून, सातपुड्याच्या दिशेने. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर वही. डोळे पुसलेले दिसत होते, पण ते धुराने असंही म्हणता आलं असतं. चोख शुद्ध बोलणारा माणूस, मला पाहून मात्र एकदम लहानपणीच्या अहिराणीत म्हणाले, “हाईच ती, भो. हाईच शे. बठ्ठं दखं मी. डोळा सुद्धा.” हीच ती, आणि सगळं पाहिलं होतं त्यांनी, तिचा डोळासुद्धा.

मी म्हटलं, “छान झालं, सर.” आणि खरंच छान झालं होतं. मग खटकत काय होतं? सरांनी बदक पाहावं ही माझी इच्छा होती, यात खोटं काही नाही. पण त्यांनी ते माझ्या बोटाच्या दिशेने पाहावं, अशी ती पूर्ण इच्छा होती, आणि हे मला त्या केळीच्या बागेत, टाचेत काटा घेऊन, पहिल्यांदाच कळलं. माझं बोट त्या वेळी दीड तास म्हशींकडे होतं.

आबा जवळ आले. सकाळच्या बोलण्याचा राग त्यांच्या तोंडावर नव्हता. नसल्यानेच जास्त लागलं. मी म्हटलं, “आबा, मघाशी मी बोललो ते…” तर ते म्हणाले, “आधी जेवा. उपाशी मानूस काहीबी बोलतो.” मी खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या. भरीत अप्रतिम होतं. हे कबूल करणं त्या दिवशी सगळ्यात अवघड गेलं.

सर तिथेच वही उघडून नोंद लिहीत होते. तारीख, जागा, पाण्याची खोली सालदाराला विचारून, आणि पाहणाऱ्यांची नावं. सासूबाईंचं नाव त्यांनी पहिलं घातलं, कारण चित्राबद्दल पहिला प्रश्न त्यांचा. त्या लाजल्या. मेहुण्याच्या मोबाइलमध्ये बदकाचा स्वच्छ फोटो होता, दोन्ही डागांसकट. मी माझी सतरा वर्तुळं दाखवायला काढली नाहीत. सरांचं पेन एका ओळीवर थांबलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोला खुणेने बोलावून तिच्याशी हळू काहीतरी बोलले. ती हसली. त्यांनी ती ओळ लिहिली आणि वही मिटली. सोमवारी ती वही बंगळूरला गेली.

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली होती. मांडीवर माहेरचा डबा. अमळनेर मागे पडल्यावर मला राहवलं नाही.

“सरांनी तुला काय विचारलं?”

“पहिली नोंद शनिवारची तुमच्या नावाने घालू की रविवारची सगळ्यांच्या, असं विचारलं. म्हणाले, फोटो नाही, साक्षीदार नाही. त्याने शनिवारी खरंच पाहिलं होतं का?”

“मग? तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, पाहिलं असणार, सर. खोटंच सांगायचं असतं तर ह्यांनी जरा बरा दिसणारा पक्षी सांगितला असता.”